सातव्या इयत्तेंतील संगणक

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या तोंडावर येथल्याच, म्हणजे नागपुरांतल्या, एका शाळेंत जाण्याचा मला योग आला. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तिच्यासारख्या शाळा पुष्कळ आहेत. सातवीच्या वर्गांत संगणकाचा तास चालू होता. फळ्यावर एक चौकोन काढलेला होता. त्याच्या डावीकडून एक बाण आंत शिरत होता आणि उजवीकडून दुसरा बाहेर पडत होता. मुलें ती आकृति वहींत उतरून घेत होतीं. संगणकाच्या पहिल्या पिढींत निर्वात नळ्या होत्या, दुसऱ्या पिढींत ट्रान्झिस्टर होते, असें तीं एका सुरांत म्हणत होतीं. शेजारच्याच खोलींत बारा संगणक ओळीनें मांडून ठेविले होते आणि त्या खोलीला कुलूप होतें. किल्ली कोणाकडे म्हणून चौकशी केली, तेव्हां ती ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ निवडणुकीच्या कामावर गेले आहेत असें समजलें.

मधल्या सुटींत मीं एका मुलीला विचारलें, "संगणक म्हणजे काय, बेटा?" तिनें व्याख्या म्हणून दाखविली, एक अक्षर चुकलें नाहीं. "आणि तूं स्वतः त्यावर काय केलेंस?" या प्रश्नावर मात्र ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काकाजी, ती खोली दिवाळीनंतर एकदां उघडली होती. पण माऊस पोरांच्याच हातांत होता."

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ती मुलगी पुढें बँकेंत, दवाखान्यांत, कचेरींत, जेथें जाईल तेथें हें यंत्र तिच्यापुढें असणार; आणि शाळेनें तिला त्याविषयीं दिलेली शिदोरी काय, तर निर्वात नळ्यांची पिढी. आठवड्याचा एक तास धरला तरी वर्षाचे तीस-पस्तीस होतात, आणि सहावी ते आठवी या तीन वर्षांत शंभराच्या घरांत जातात. या शंभर तासांचा हिशेब आपण पालक कधीं मागत नाहीं. गणिताच्या शिक्षकानें वर्षभर गुणाकाराचा इतिहासच सांगितला आणि गुणाकार करूं दिला नाहीं, तर आपण शाळेंत धांव घेऊं. संगणकाच्या बाबतींत मात्र वेळापत्रकांत विषयाचें नांव दिसलें कीं आपलें समाधान होतें. आजच्या भाषणांत मी या तासांचा हिशेब मांडणार आहें.

प्रथम, हीच तीन वर्षें कां? त्याचें कारण मुलाच्या बुद्धीच्या वाढींत आहे. याच सुमारास त्याला बीजगणितांतला 'क्ष' भेटतो, म्हणजे अद्याप ठाऊक नसलेल्या वस्तूला नांव देऊन तिच्याशीं व्यवहार करण्याची युक्ति त्याच्या हातीं येते. भूमितींत कोन मापणें येतें. 'जर असें असेल तर तसें कर' हा विचार त्याला झेपूं लागतो. आणि दहावीच्या परीक्षेची छाया अजून वर्गावर पडलेली नसते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानें आज्ञावली लिहिण्याचे उपक्रम याच मधल्या टप्प्यांत घालावे असें म्हटलें, तें या दृष्टीनें योग्यच झालें. केंद्रीय मंडळानें सहावी ते आठवीसाठीं कोडिंगचे छोटे पाठ २०२१ पासून सुरू केले. २०२५ च्या ऑक्टोबरांत तर केंद्रीय शिक्षण-मंत्रालयानें संगणकीय विचार व कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय तिसऱ्या इयत्तेपासूनच नेण्याचा मनोदय जाहीर केला. आमच्या राज्य मंडळाच्या शाळांतून मात्र सहावी ते आठवींत हा विषय बहुधा कार्यानुभवाच्या आडोशानें किंवा मुख्याध्यापकांच्या हौसेनें शिकविला जातो. हौस असेल तेथें तो उत्तम चालतो आणि नसेल तेथें खोलीला कुलूप असतें.

आपल्या देशांत शाळकरी मुलांपुढें हें यंत्र कसें आलें, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. विशेषतः नभोवाणीच्या श्रोत्यांस, कारण त्यांत एका नभोवाणी-मंडळाचा हात आहे. १९८१-८२ च्या सुमारास ब्रिटनच्या बीबीसीनें लोकांस संगणक-साक्षर करण्याची मोहीम काढली आणि तीसाठीं एकॉर्न या कंपनीकडून एक लहानसें यंत्र करवून घेतलें. त्याचें नांवच 'बीबीसी मायक्रो' असें पडलें. १९८४ सालीं भारत सरकारनें शाळांतून संगणक-साक्षरतेची 'क्लास' नांवाची योजना आरंभिली, तेव्हां सुमारें अडीचशें शाळांत जीं यंत्रें गेलीं तीं हींच. त्यांतील पुष्कळांची स्मृति अवघी बत्तीस किलोबाइट. आजच्या मोबाईलवरचें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. पण या दरिद्री यंत्रांत एक गुण असा होता कीं तो आजच्या श्रीमंत यंत्रांत उरलेला नाहीं. कळ दाबून तें सुरू केलें कीं काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरें उमटत आणि एक लहान रेघ लुकलुकत राही. यंत्र जणू विचारीत असे, "आज्ञा काय?" आज्ञा दिल्यावांचून तें कांहींच करीत नसे. त्यामुळें त्याच्यापुढें बसणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशीं कळे कीं काय करावयाचें तें आपण ठरवावयाचें आहे. आजचें यंत्र उघडतांच चित्रांचा बाजार मांडतें, आणि काय करावयाचें हें बहुतेक त्यानेंच ठरवून ठेविलेलें असतें.

'क्लास' योजना मात्र फारशी रुजली नाहीं. एका शाळेस चार-दोन यंत्रें, शिक्षकांचें प्रशिक्षण अल्प, आणि पाठ बहुतांशीं इंग्रजींत व विलायतेंतील वर्गांसाठीं रचलेले. मग दुसरें काय होणार? २००४ पासून तिची जागा दुसऱ्या, अधिक मोठ्या योजनेनें घेतली. यंत्रें वाढलीं. पण शिकवावयाचें काय, हा प्रश्न मागें राहिला, आणि त्याचें उत्तर बाजारानें दिलें. पत्र टंकलिखित करणें, तक्ता भरणें, रंगीत चित्रांचें सादरीकरण करणें, हाच संगणकाचा अभ्यासक्रम होऊन बसला. प्रौढांसाठीं तो योग्यच आहे. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें सुरू केलेल्या एमएस-सीआयटी या परीक्षेनें आपल्या गल्लोगल्लीं किती जणांस कळफलकाची भीति घालवून दिली, हें आपण पाहिलेंच आहे. पण नोकरींत बढतीसाठीं शिकणाऱ्या कारकुनाचा अभ्यासक्रम बारा वर्षांच्या मुलाला देणें म्हणजे वडिलांचा सदरा बाह्या दुमडून मुलाला घालणें होय.

ही चूक आपण एकट्यांनींच केलेली नाहीं. इंग्लंडांतहि शाळेंतून अनेक वर्षें हेंच चाललें होतें. मुलें कंटाळूं लागलीं, हा विषय घेणारे विद्यार्थी रोडावले, आणि २०१२ सालीं तेथल्या रॉयल सोसायटीनें हें शिक्षण एकतर बंद करा नाहींतर नव्यानें आरंभा, अशा आशयाचें शीर्षक दिलेला अहवाल प्रसिद्ध केला. २०१४ च्या सप्टेंबरपासून तेथें पांचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठीं नवा अभ्यासक्रम आला. त्यांत यंत्र वापरण्याइतकेंच, किंबहुना अधिक, यंत्रामागच्या विचाराला महत्त्व दिलें गेलें. आपल्या घरांत केरळनें वेगळा मार्ग धरला. तेथें २००१ सालापासून सरकारी शाळांतून 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प चालला. माध्यमिक वर्गांत विषय आवश्यक झाला, मुक्त प्रणाली वापरल्या गेल्या, आणि मुख्य म्हणजे शाळेंतल्याच शिक्षकांस तयार करून त्यांच्या हातीं तो सोंपविला. महाराष्ट्रांतहि प्रयोग झाले नाहींत असें नाहीं. कर्जत तालुक्यांतील खैरात येथल्या धनगरवाड्यावरच्या लहानशा शाळेंत २००७ सालीं प्रत्येक मुलाच्या हातीं एक छोटा संगणक देण्यांत आला होता. असो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. यंत्रामागचा विचार म्हणजे काय, आणि तो बारा वर्षांच्या मुलाला कळेल असा कसा सांगावयाचा?

मी आपल्या टपालाच्या पत्त्यापासून आरंभ करीन. नागपूरच्या पत्त्यावर आपण ४४०००१ असा आंकडा घालतों. ही पिनकोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि ती बसविणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे एक मराठी गृहस्थ व संस्कृत भाषेचे कवि होते. देशांत एकाच नांवाचीं गांवें अनेक, पत्ते नाना लिपींत लिहिलेले, अक्षरें दुर्बोध. टपाल छांटणाऱ्या माणसाची दैना होत असे. वेलणकरांनीं गांवाच्या नांवाला पर्याय म्हणून आंकडा दिला, आणि आंकड्याच्या प्रत्येक स्थानाला अर्थ दिला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश, छत्तीसगड हा विभाग. दुसरा ४ घेतला कीं आपण विदर्भांत आलों. तिसरें स्थान छांटणीचा जिल्हा दाखवितें: नागपूर शहराला ४४०, वर्धा-चंद्रपुराकडे ४४२, अकोला-अमरावतीला ४४४, यवतमाळाला ४४५. शेवटचे तीन अंक टपाल-कचेरी सांगतात. मुलांना घरचीं जुनीं पाकिटें आणावयास सांगावीं, तीं मिसळून टाकावीं, आणि केवळ आंकडे पाहून त्यांची छांटणी करावयास लावावी. एका तासांत मुलाला उमजतें कीं जगांतली वस्तु आंकड्यांत कशी बसवितात, आणि नीट बसविली म्हणजे ती न वाचतां, न समजतां, नुसत्या अंकांवरून योग्य ठिकाणीं कशी पोंचते. संगणक दिवसरात्र हेंच करीत असतो.

दुसरें उदाहरण मराठीच्या शिक्षकाच्या पेटींतलें आहे. वृत्तें शिकवितांना आपण लघु आणि गुरु अशीं दोनच चिन्हें वापरतों आणि तीन-तीन अक्षरांचे गण पाडतों. गण किती? य, र, त, न, भ, ज, स, म असे आठ. आठच कां, नऊ कां नव्हेत? हा प्रश्न आम्हांला शाळेंत कोणी विचारला नाहीं आणि आम्हींहि कोणाला विचारला नाहीं. तीन जागा, प्रत्येक जागीं दोनच पर्याय, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. चार अक्षरांचे गण केले असते तर ते सोळा झाले असते, आणि पांचांचे बत्तीस. अशा सर्व शक्य मांडण्या क्रमानें लिहून काढण्याची 'प्रस्तार' नांवाची रीति पिंगलाच्या छंदःशास्त्रांत दिलेली आहे. लघूच्या जागीं शून्य व गुरूच्या जागीं एक लिहा, म्हणजे संगणकाची द्विमान संख्यापद्धति आपल्यासमोर उभी राहते. ज्या घरांत वृत्तांची आवड आहे, तेथें या विषयाला परका समजण्याचें कारण नाहीं.

यापुढची पायरी आपल्या लिपीची. मोबाईलवर आपण 'नागपूर' असें लिहितों तेव्हां यंत्राच्या पोटांत काय जातें? तेथें न, ग हीं अक्षरें नाहींत. तेथें आंकडे आहेत. जगांतल्या लिपींना सामायिक अशी युनिकोड नांवाची जी क्रमांकावली १९९१ पासून प्रचारांत आली, तींत देवनागरीसाठीं २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या एकशें अठ्ठावीस जागा राखून ठेविल्या आहेत. 'न'चा क्रमांक २३४४, काना २३६६, 'ग' २३२७, 'प' २३४६, दीर्घ ऊकार २३७०, आणि 'र' २३५२. मिळून सहा आंकडे. मात्रा ही अक्षराचा भाग नसून स्वतंत्र आंकडा आहे, हें पाहून मुलें चकित होतात. त्याहून मौज ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' लिहितांना वेलांटी डोळ्यांना आधीं दिसते व क नंतर. यंत्रांत मात्र आधीं क जातो, मग वेलांटी, कारण आपण उच्चारतों त्या क्रमानें साठवण होते. जुन्या टंकलेखन-यंत्रावर काम केलेल्यांना उलट संवय असे. ते वेलांटी आधीं ठोकीत. पूर्वीं एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे, ती कां दिसे, तेंहि येथें सांगतां येतें: प्रत्येक टंकानें आपापले खासगी क्रमांक ठरविले होते.

आणि येथें मला एक तक्रार नोंदवावयाची आहे. आपलीं मुलें घरांत उत्तम मराठी बोलतात, पण मोबाईलवर तीच मराठी रोमन अक्षरांत लिहितात. हा दोष मुलांचा नव्हे. देवनागरी कळफलक त्यांना कोणीं दाखविलाच नाहीं. इन्स्क्रिप्ट नांवाचा जो सरकारमान्य कळफलक आहे, त्यांत डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजनें अशी मांडणी असून, ती बाराखडी येणाऱ्या मुलाच्या हातांत लवकर बसते. त्या शंभर तासांपैकीं दहा तास यासाठीं खर्च झाले, तर ते वायां गेले असें मी म्हणणार नाहीं.

हें झालें माहितीविषयीं. पण माहितीवर क्रिया करण्याची रीति, जिला इंग्रजींतून आलेल्या शब्दानें 'अल्गोरिदम' म्हणतात, तीहि यंत्रावांचून शिकवितां येते. न्यूझीलंडमधले टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनीं यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रचले. त्यांतला एक असा. मैदानावर खडूनें रेघांचें जाळें आंखावयाचें. सहा मुलांच्या हातीं सहा आंकडे द्यावयाचे. दोन रेघा जेथें मिळतात तेथें दोन मुलें भेटतात, आंकडे ताडून पाहतात; लहान आंकड्याचें मूल डाव्या रेघेनें पुढें जातें, मोठ्याचें उजव्या. जाळें नीट आंखलें असेल तर सहा मुलांना बारा भेटी पुरतात, आणि प्रारंभीं तीं कशींहि उभीं असोत, पलीकडे निघतांना आंकडे क्रमानें लागलेले असतात. कोणाहि एका मुलाला सबंध रांग दिसत नाहीं. प्रत्येकानें केवळ समोरच्याशीं तुलना केली आणि सर्वांचा क्रम लागला! कळमन्याच्या बाजारांत संत्र्यांचे ढीग आकारवार लागतांना ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना यांतलें मर्म चटकन् कळेल. तसाच दुसरा खेळ मनांतला आंकडा ओळखण्याचा. एक ते हजार यांतला कोणताहि आंकडा, 'मोठा कीं लहान' अशा दहा प्रश्नांत ओळखतां येतो, कारण प्रत्येक प्रश्नानें उरलेले निम्मे बाद होतात आणि दोनाचा दहावा घात एक हजार चोवीस आहे. शब्दकोशांत शब्द शोधतांना आपण नकळत हेंच करतों.

मग यंत्र हवेंच कशाला, असें कोणी विचारील. यंत्र हवें तें चूक दाखविण्यासाठीं. १९६७ सालीं अमेरिकेंत वॉली फॉयरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनीं मुलांसाठीं 'लोगो' ही भाषा रचली. तींत पडद्यावर एक कासव असतें. 'पुढें शंभर, उजवीकडे नव्वद' असें चार वेळां सांगितलें कीं तें चौरस काढतें. आतां मुलाला समभुज त्रिकोण काढावयास सांगा. बहुतेक मुलें म्हणतात, त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून 'उजवीकडे साठ'. कासव निमूटपणें चालूं लागतें, आणि त्रिकोण होतच नाहीं. तीन बाजू चालून झाल्या तरी आकृति उघडीच राहते, आणि तशीच आज्ञा चालूं ठेविली तर षट्कोन होतो. मूल बुचकळ्यांत पडतें. मग कोणीतरी उठून स्वतःच कासव होतें, फरशीवर चालून पाहतें, आणि त्याला दिसतें कीं वळावयाचा कोन आंतला नसून बाहेरचा आहे, एकशें वीस अंशांचा. थोड्या वेळानें त्याच्या हेंहि ध्यानांत येतें कीं चौरसांत चार वेळां नव्वद, त्रिकोणांत तीन वेळां एकशें वीस, षट्कोनांत सहा वेळां साठ, सर्वांची बेरीज तीनशें साठ. पंचकोनासाठीं किती वळावें तें मग त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं. या पद्धतीची आजची लोकप्रिय आवृत्ति म्हणजे २००७ सालीं एमआयटीनें प्रसिद्ध केलेली 'स्क्रॅच'; तींत आज्ञा टंकावयाच्या नसून रंगीत ठोकळे जुळवावयाचे असतात. ती विनामूल्य आहे.

या प्रसंगांत मला सर्वांत मोलाचें वाटतें तें असें. मुलानें चूक केली. पण वहींत लाल शाई पडली नाहीं, गुण कापले गेले नाहींत, कोणी हंसलें नाहीं. यंत्रानें त्याचीच आज्ञा जशीच्या तशी पाळून दाखविली, आणि आपलें म्हणणें व आपला हेतु यांत अंतर होतें हें त्यालाच दिसलें. त्यानें चूक शोधिली आणि दुरुस्त केली. आमच्या शाळांत चूक ही लपविण्याची वस्तु आहे. ती शोधण्याची वस्तु आहे असें जेथें उघडपणें शिकवितां येतें, असा तास वेळापत्रकांत दुसरा कोणता आहे?

आतां अडचणींचें बोलूं. देशांतल्या सर्व शाळांची जी सरकारी मोजणी होते, तिच्या २०२३-२४ च्या आंकड्यांप्रमाणें चालू स्थितींतले संगणक असलेल्या शाळा सुमारें ५७ टक्के होत्या आणि इंटरनेट असलेल्या सुमारें ५४ टक्के. संगणक असलेल्या शाळेंतहि एका यंत्रापुढें तीन-चार मुलें दाटीवाटीनें बसतात, आणि मग त्या मुलीनें सांगितलें तें घडतें. ज्याचा खांदा रुंद त्याच्या हातीं माऊस. याला उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. दोघांनीं बसावें, एकानें हात चालवावा, दुसऱ्यानें फक्त तोंडानें सांगावें, आणि दर दहा मिनिटांनीं शिक्षकानें टाळी वाजवून अदलाबदल करावी. सांगणाऱ्याला विचार शब्दांत मांडावा लागतो. त्यामुळें दोघांपैकीं अधिक तोच शिकतो, असें पुष्कळ शिक्षकांना आढळून येतें. मुलींच्या बाबतींत ही टाळी विशेष महत्त्वाची आहे, कारण घरीं त्यांना संधि कमी मिळते. २०२३ सालीं 'असर'नें सव्वीस राज्यांतल्या अठ्ठावीस जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. ज्यांना स्मार्टफोन वापरतां येतो, त्यांपैकीं मुलांत स्वतःचा फोन असणारे ४३.७ टक्के होते आणि मुलींत १९.८ टक्के. शहरांतल्या सुशिक्षित घरांत हें चित्र निराळें असेल अशी आपली समजूत असते. आपापल्या घरांत एकदां मोजून पाहावें.

फोनचा उल्लेख झालाच आहे. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि पाहतां पाहतां सबंध शाळा या लहान पडद्यावर आली, तेव्हां ज्या घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरांतल्या मुलांचें वर्ष कसें गेलें, हें आठवावें. त्यानंतर फोन घरोघर आले. परंतु फोन हातांत असणें आणि फोन समजणें या दोन गोष्टी आहेत. ओटीपी म्हणजे काय, तो दुसऱ्याला कां सांगावयाचा नाहीं, पासवर्ड लांब असावा तो कां, एकदां पाठविलेलें छायाचित्र परत कां मिळत नाहीं, या गोष्टी सातवीच्या मुलाला कारणासहित सांगाव्या. नुसती मनाई तो ऐकत नाहीं. कारण समजलें तर आजोबांनाहि समजावून सांगतो, आणि आजकाल खोट्या पोलिसांच्या फोनला भिऊन लोक जमापुंजी गमावतात, तेव्हां त्या घराला अशा नातवाची गरजहि आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती-संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकाची संमति आवश्यक ठरविली आहे. संमति देणाऱ्यानें ती कशास देतों हें वाचलें तर त्या कायद्याचा उपयोग.

आणि २०२२ च्या अखेरीपासून प्रश्नांचीं उत्तरें लिहून देणारें, निबंध रचणारें यंत्र मुलांच्या हातीं आलें आहे. त्यावर बंदी घालणें मला शक्य कोटींतलें वाटत नाहीं. त्यापेक्षां एक तास असा घ्यावा: मुलांनीं त्या यंत्राला आपल्याच शाळेचा, आपल्याच वस्तीचा इतिहास विचारावा, आणि आलेलें उत्तर घरच्या वडील माणसांना विचारून, प्रत्यक्ष जाऊन पाहून, ओळीओळीनें तपासावें. हें यंत्र पूर्वीं वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो तें ठरवीत जातें. खरें काय तें पाहावयास तें जागेवरून उठत नाहीं. खुणा केलेला तो कागद वहींत जपून ठेवावा.

शेवटीं शिकवील कोण? 'आमच्याकडे संगणकाचे शिक्षक नाहींत' हें उत्तर मीं अनेक मुख्याध्यापकांकडून ऐकलें आहे. पण टपालाचीं पाकिटें भूगोलाच्या शिक्षकाला छांटतां येतील, गण मराठीच्या शिक्षिकेला मोजतां येतील, कासवाचे कोन गणिताच्या शिक्षकाचेच आहेत, आणि मैदानावरचें जाळें आंखण्यास खेळाच्या शिक्षकांइतका अधिकारी पुरुष दुसरा नाहीं. साहित्याचीहि वाण नाहीं. पवईच्या आयआयटींत तयार झालेलीं 'कॉम्प्युटर मस्ती' हीं शाळकरी मुलांचीं पुस्तकें मुक्त परवान्यानें उपलब्ध आहेत. एसीएम इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं आरंभिलेली 'सीएसपाठशाला' यंत्राशिवाय शिकवावयाचे पाठ देते, आणि लिथुएनियांत २००४ सालीं निघालेली 'बेब्रास' नांवाची कोड्यांची स्पर्धा, जी आतां अनेक देशांत चालते, ती भारतांत तीच भरविते. तीं कोडीं मराठींतहि असतात. 'बेब्रास' म्हणजे लिथुएनियन भाषेंत बीव्हर, तो उद्योगी प्राणी. सहावी ते बारावीच्या शाळांसाठीं २०१६ पासून ज्या अटल प्रयोगशाळा मंजूर होत आहेत, त्यांतून आमच्या शहरांतल्या ज्या शाळांना यंत्रसामग्री मिळाली, त्यांनीं ती शेजारच्या शाळेसाठीं आठवड्यांतून एक दिवस उघडी ठेवण्यास कोणाची हरकत असेल असें वाटत नाहीं.

कित्येक पालक मला विचारतात, "हें सगळें शिकून मुलगा मिहानमधल्या कंपनींत लागेल ना?" लागेल किंवा लागणार नाहीं. व्याकरण शिकलेली सर्व मुलें लेखक होत नाहींत आणि त्यासाठीं कोणी व्याकरण बंद करीत नाहीं.

आपल्या विदर्भांत उन्हामुळें शाळा जूनच्या उत्तरार्धांत उघडतात. त्या सुमारास पालक-सभा होईल, तेव्हां पंखे, पाणी आणि गणवेश यांविषयीं विचारून झालें म्हणजे आणखी तीन प्रश्न विचारावे. सातवीच्या मुलानें गेल्या वर्षीं यंत्राला स्वतः कोणती आज्ञा दिली, ती दाखवा. मुलींचा हात कळफलकावर किती वेळ होता? आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, व ते गृहस्थ रजेवर गेले म्हणजे कोणाकडे असते?